बारा तासांची चावी

मंडळी, या वीकांताला जरा धंद्याचं बोलू. ट्रेक, सिनेमा आणि मिसळ पुढच्या वेळी. आजचा विषय आहे चाव्या. म्हणजे आपण क्लाउडवाले लोक टर्मिनलमध्ये बसून रोज ज्या चाव्या फिरवतो, त्या. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये नसाल तरी लगेच पळू नका. चावी कोणाकडे, किती दिवस आणि कोणाच्या नावावर, हा प्रश्न तुमच्या सोसायटीतही आहेच की.

उदाहरणाला एडब्ल्यूएस घेतो, म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा. कारण सोपं आहे, माझी रोजीरोटी तिच्यावर चालते.

नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या दिवशी त्याला काय सांगतात? "कमांड लाईन टूल टाक आणि 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर' मार." ती कमांड चार प्रश्न विचारते. अ‍ॅक्सेस की काय, सिक्रेट की काय, रीजन कुठला आणि आउटपुट कुठल्या फॉरमॅटमध्ये हवं. कोणीतरी चॅटवर दोन लांबलचक ओळी पाठवतं. एक वीस अक्षरांची, दुसरी चाळीस अक्षरांची. आपण कॉपी करतो, पेस्ट करतो, एंटर मारतो. झालं! आता तुम्ही सर्व्हर चालू करू शकता, बंद करू शकता आणि नशिबाने साथ सोडली तर उडवूही शकता.

त्या दोन ओळी जातात कुठे? तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात, 'क्रेडेन्शियल्स' नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. त्या फाईलला ना कुलूप, ना पासवर्ड. नोटपॅडमध्ये उघडली तरी सगळं लख्ख दिसतं. आणि खरी गंमत पुढे आहे. ही चावी कधीच संपत नाही. दिवाळी जाते, अप्रेजल होतं, लॅपटॉप बदलतो, माणूस नोकरी सोडतो, त्याचं लग्न होतं, त्याला मुलगी होते... चावी आपली चालूच! कोणीतरी मुद्दाम जाऊन बंद करेपर्यंत.

घराची चावी दाराबाहेरच्या कुंडीखाली ठेवायची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत असते. निदान ती कुंडी आपल्याला दिसते तरी. इथे कुंड्या किती आहेत याचाच पत्ता नसतो. तीच चावी बिल्ड सर्व्हरवर असते, कोणाच्या तरी शेल हिस्टरीत असते, विकी पानावर 'तात्पुरतं' म्हणून चिकटवलेली असते, जुन्या लॅपटॉपच्या बॅकअपमध्ये असते. आणि एखाद्या रात्री उशिरा कोणीतरी कोडसकट ती गिटमध्ये चढवतं. सार्वजनिक गिटहबवर अशा चाव्या हुंगत फिरणारे बॉट्स सतत चालू असतात. ते तुमच्या सोमवारची वाट बघत नाहीत, काही मिनिटांत कामाला लागतात.

खाजगी रिपॉझिटरी आहे, मग काय होतंय, असं वाटत असेल तर उबरचं प्रकरण आठवा. २०१६ मध्ये हल्लेखोर कंपनीच्या खाजगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना एडब्ल्यूएसची चावी सापडली आणि तिने त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती उचलली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर गप्प बसली. २०१७ च्या नोव्हेंबरात सगळं बाहेर आलं, आणि २०२२ मध्ये कंपनीचे तेव्हाचे सुरक्षाप्रमुख न्यायालयात दोषी ठरले. सुरुवात कुठून झाली? कोडमध्ये राहिलेल्या एका चावीपासून.

असो. घाबरवायला बसलो नाहीये. यावर उपाय आहे आणि तो आपल्या ओळखीचाच आहे.

प्लॅटफॉर्म तिकीट आठवतंय? आजीला गाडीत बसवून द्यायला जाताना काढतो ते. दहा रुपयांचं. दोन तास चालतं. त्यावर प्लॅटफॉर्मवर जाता येतं, पण गाडीतून प्रवास करता येत नाही. दोन तास उलटून गेल्यावर ते रस्त्यात पडलं आणि कोणाला सापडलं, तरी त्याचा काय उपयोग? काहीच नाही. म्हणजे या कागदाच्या चिटोऱ्यावर दोन मर्यादा आहेत. एक वेळेची, दुसरी कामाची. तात्पुरती क्रेडेन्शियल्स म्हणजे नेमकं हेच, प्लॅटफॉर्म तिकीट. आणि ती वीस-चाळीस अक्षरांची कायमची चावी म्हणजे? आयुष्यभराचा सर्व गाड्यांचा पास, आणि तोही फोटो नसलेला!

कार्डाच्या बाबतीत तर आपण हे कधीच स्वीकारलंय. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाईन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. त्यातूनच पुढे ते ओटीपी आपल्या अंगवळणी पडले. मग १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांच्या वेबसाईटना तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवून ठेवायला मनाई झाली, त्याजागी टोकन आलं. ते टोकन चोरीला गेलं तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. पिझ्झा मागवताना आपण एवढी काळजी घेतो आणि कंपनीचा अख्खा डेटाबेस ज्या चावीने उघडतो ती मात्र टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो. आहे की नाही मजा?

आणि ही कल्पना काही काल-परवाची नाही. एमआयटीमध्ये १९८३ साली 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. कॅम्पसभर पसरलेले संगणक, त्यावर कोणीही विद्यार्थी येऊन बसणार. मग प्रत्येक सेवेला त्याचा पासवर्ड कशाला कळू द्यायचा? त्यातून 'कर्बेरॉस' जन्माला आलं. ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा, त्याचं नाव. पद्धत अशी की सकाळी एकदा पासवर्ड देऊन ओळख पटवायची आणि एक तिकीट घ्यायचं. दिवसभर तेच दाखवायचं. साधारण कामाच्या दिवसापुरतं ते चालतं आणि मग आपोआप मरतं. तिथेही शब्द 'तिकीट'च आहे, बघा.

आता एडब्ल्यूएसमध्ये हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे रोल. नाटकातली भूमिका म्हणा. रोलला स्वतःची कायमची चावी नसते. त्याला दोन कागद जोडलेले असतात. एका कागदावर ही भूमिका कोणी करायची ते लिहिलेलं असतं, त्याला ट्रस्ट पॉलिसी म्हणतात. दुसऱ्यावर भूमिकेत शिरल्यावर काय काय करता येईल ते, म्हणजे परमिशन पॉलिसी. 'फक्त लॉग वाचणारा' ही एक भूमिका, 'डेटाबेसला हात लावणारा' ही वेगळी.

दुसरी गोष्ट एसटीएस. ही तिकीटखिडकी. तुम्ही तिथे जाऊन सांगता, "मी अमुक, मला तमुक भूमिका द्या." खिडकीतला कारकून ट्रस्ट पॉलिसी बघतो, हवं तर फोनवरचा सहा आकडी कोड मागतो आणि तुम्हाला तीन गोष्टी देतो. अ‍ॅक्सेस की, सिक्रेट की आणि एक भलं मोठं सेशन टोकन. हे तिन्ही एकत्र असल्याशिवाय दार उघडत नाही, आणि सोबत वेळ संपण्याचा शिक्का असतो. कमीत कमी १५ मिनिटं, काहीच सांगितलं नाही तर एक तास, आणि रोलवर तशी परवानगी असेल तर जास्तीत जास्त १२ तास. त्यानंतर तीच कमांड मारली की 'एक्स्पायर्ड टोकन' असा एरर येतो. तो एरर दिसला की कपाळाला आठ्या पाडू नका. यंत्रणा चोख चालल्याची ती पावती आहे.

जाता जाता एक बारीक खूण सांगून ठेवतो. कायमच्या अ‍ॅक्सेस कीची सुरुवात ए-के-आय-ए या अक्षरांनी होते, तात्पुरत्याची ए-एस-आय-ए ने. कुठल्याही फाईलमध्ये, लॉगमध्ये, चॅटमध्ये 'ए-के' दिसलं की कान टवकारायचे.

इथवर सगळं पुस्तकातलं झालं. कोणत्याही सिक्युरिटी ट्रेनिंगमध्ये हेच सांगतात, वर एक हूडी घातलेल्या हॅकरचं चित्र दाखवतात, आपण मागच्या रांगेत बसून मेल वाचतो आणि शेवटी क्विझमध्ये दहापैकी नऊ मिळवतो. मलाही हे प्रकरण 'कंपनीचं रक्षण' एवढंच वाटायचं. चोर बाहेरून येणार, आपण दार नीट लावायचं, बास. माझं हे मत ज्यामुळे बदललं ती गोष्ट आता सांगतो. यात कोणी हॅकर नाही.

माझ्या आधीच्या कंपनीत (नाव नको, आणि अंदाज बांधत बसू नका) आमच्या टीममध्ये एक सिनियर होते. वय चाळीसच्या पुढे. आम्ही सगळे पंचविशीतले, म्हणून त्यांचं नाव पडलं काका. एडब्ल्यूएसचं अकाउंट पहिल्यांदा काकांनी उभं केलं होतं, त्यामुळे पहिला यूजर त्यांच्या नावाचा. पुढे बिल्ड सर्व्हरला चावी हवी होती, काकांची टाकली. टेस्टिंगवाल्यांना हवी होती, काकांची दिली. नवीन पोरगा आला, त्याचा यूजर तयार व्हायला आठवडा लागणार होता, तोवर काकांची वापर म्हटलं. विकीवर तर एक पानच होतं. काका सहा महिने मॅनेजरला मेल करत होते की प्रत्येकाला वेगळा अ‍ॅक्सेस द्या. उत्तर ठरलेलं, "या रिलीजनंतर बघू." ते 'नंतर' कधी उगवलं नाही.

काकांना दुसरीकडे चांगली ऑफर आली. नोटीस पिरियड संपला, शुक्रवारी केक कापला, लॅपटॉप जमा केला, आयटीकडून सही घेतली आणि गेले.

पुढच्या मंगळवारी एका क्लायंटचा डेटाबेस उडाला. चार दिवसांपूर्वीचा एक स्नॅपशॉट कोणीतरी हाताने काढून ठेवलेला होता, म्हणून निभावलं, पण मधला डेटा गेला तो गेलाच. लगेच मीटिंग. क्लाउडट्रेल उघडलं, म्हणजे कोणी काय केलं याची नोंदवही. डेटाबेस डिलीट करणाऱ्या ओळीपुढे यूजर कोण? काका! तारीख काय, तर नोकरी सोडल्यानंतरची. आयपी अ‍ॅड्रेस? कंपनीच्या व्हीपीएनचा, म्हणजे आमच्या सगळ्यांचा एकच.

झालं. ज्यांना ती विकीची भानगड माहीत नव्हती त्यांच्या दृष्टीने चित्र एकदम स्पष्ट होतं. नाराज कर्मचारी, जाता जाता राग काढला. एचआरने काकांचं रिलीव्हिंग लेटर थांबवलं, फुल अँड फायनल थांबवलं, आणि एक इंग्रजी पत्र घरी धाडलं, त्यात 'कायदेशीर कारवाई' असे शब्द. आयटीमधल्या माणसाला रिलीव्हिंग लेटर थांबणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्याशिवाय नवी कंपनी दारात उभं करत नाही. घराचा हप्ता चालू, मुलगा दहावीला.

आम्ही दोघा-तिघांनी सांगून पाहिलं की ती चावी निम्मी टीम वापरते. उत्तर आलं, "मग सिद्ध करा." आता 'काका' या नावामागे तेव्हा कोण बसलं होतं हे सिद्ध कसं करायचं? नोंदवहीत तर एकच नाव आहे!

शेवटी धागा सापडला तो एका फालतू वाटणाऱ्या रकान्यात. क्लाउडट्रेलच्या प्रत्येक नोंदीत 'यूजर एजंट' म्हणून एक लांब ओळ असते. कुठल्या टूलची कुठली आवृत्ती, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून, असं सगळं त्यात येतं. त्या डिलीटच्या ओळीत मॅक होता. काकांकडे कंपनीचा विंडोज लॅपटॉप होता, आणि तोही शुक्रवारीच जमा झाल्याची आयटीची सही होती. मग त्याच चावीच्या मागच्या नोंदी काढल्या. तोच मॅक, तीच टूलची आवृत्ती, रोज ठरलेल्या वेळी. एका मुलाने जुने टेस्ट डेटाबेस साफ करायची स्क्रिप्ट लावली होती आणि क्लायंटच्या डेटाबेसचं नाव तिच्या नियमात बसत होतं. त्यालाही काही कल्पना नव्हती. त्याच्या मॅकवरची चावी अर्थात विकीवरून घेतलेली.

काकांना पत्र मिळालं. पण त्यात सहा आठवडे गेले. नव्या कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं म्हणून ते वाचले, ती रिकामी गेली असती तर कोण भरून देणार होतं? माफी वगैरे कोणी मागितली नाही. नंतर एकदा कर्वे रोडवर चहाला भेटले तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्हाला राग नाही येत?" ते म्हणाले, "अरे, रागाचं काय घेऊन बसलास. चावी माझ्या नावावर होती, पण माझ्या हातात नव्हती. सहा आठवडे बायकोला एवढंच समजावत होतो."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय. तात्पुरती क्रेडेन्शियल्स फक्त कंपनीला चोरापासून वाचवत नाहीत. ती तुम्हाला संशयापासून वाचवतात.

बघा ना, तिथे प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन आणि स्वतःचं तिकीट असतं तर काय झालं असतं? एसटीएसच्या खिडकीवर भूमिका घेताना एक सेशनचं नाव द्यावं लागतं. कंपनीचं सिंगल साईन-ऑन असेल तर तिथे तुमचं यूजरनेम आपोआप येतं. मग नोंदवहीत 'डेटाबेस अ‍ॅडमिन' या भूमिकेपुढे खऱ्या माणसाचं नाव दिसतं. शुक्रवारी काकांचं खातं बंद केलं असतं की नवीन तिकीट मिळणं बंद, आणि हातातलं शेवटचं तिकीट फार तर त्या रात्रीपर्यंत जगलं असतं. मंगळवारी त्यांचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि स्क्रिप्टवाल्या मुलाची चूकसुद्धा अर्ध्या तासात, आरडाओरडा न होता सापडली असती. तो काही गुन्हेगार नव्हता हो. त्यालाही महिनाभर झोप नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बरोबर आहे सगळं, पण रोज सकाळी लॉगिनची कटकट कोण करणार? हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय. पूर्वी तो खराही होता. एसटीएसला कमांड मारा, आलेल्या उत्तरातून तीन लांब ओळी उचला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टाका, तासाभराने पुन्हा तेच. लोक वैतागून कायमच्या चावीकडे वळायचे यात नवल नाही.

पण आता तसं राहिलेलं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत कमांड लाईनची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात सिंगल साईन-ऑन थेट बसवलेलं आहे. एकदाच 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर एसएसओ' करून प्रोफाईल बनवायचं. मग रोज सकाळी 'एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन'. ब्राउझर उघडतो, कंपनीचा पासवर्ड, फोनवरचा कोड, 'परवानगी द्या' वर क्लिक, संपलं. ऑफिसच्या मशीनमधला तो साखरेचा पाक म्हणजेच चहा कपात पडेपर्यंत काम होतं. पुढची नूतनीकरणं टूल स्वतः करतं. ज्या छोट्या टीमकडे हे साईन-ऑन प्रकरण नाही त्यांच्यासाठी २०२५ च्या नोव्हेंबरात 'एडब्ल्यूएस लॉगिन' अशी सरळ कमांडच आली. वेबवर ज्या खात्याने शिरता त्याच खात्याने टर्मिनलमध्ये शिरायचं, आणि क्रेडेन्शियल्स तात्पुरतीच मिळतात. म्हणजे 'आम्ही लहान आहोत' ही सबबही गेली.

रोजच्या वापरात दोन-तीन सवयी उपयोगी पडतात.

एक, काही मोडतोड करण्याआधी 'एसटीएस गेट कॉलर आयडेंटिटी' ही कमांड मारायची. 'मी आत्ता कोण आहे?' या प्रश्नाचं ती उत्तर देते. कुठलं अकाउंट, कुठली भूमिका, कुठल्या नावाने. तत्त्वज्ञांना जे आयुष्यभर सापडत नाही ते एका सेकंदात! प्रॉडक्शन आणि टेस्ट एकाच लॅपटॉपवरून चालवणाऱ्यांनी तर ती बोटांना शिकवून ठेवावी.

दोन, तिकिटाच्या तीन ओळी हाताने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये चिकटवणं शक्यतो टाळा. टूल आधी तिथे बघतं, प्रोफाईलची फाईल नंतर. मग सकाळचं मेलेलं तिकीट तिथेच पडून राहतं आणि तुम्ही नवीन लॉगिन करूनही 'एक्स्पायर्ड' का येतंय म्हणून अर्धी दुपार घालवता. शिवाय हाताने चिकटवलेलं तिकीट आपोआप नवं होत नाही, त्यामुळे तीन तासांची स्क्रिप्ट नेमकी शेवटच्या पायरीवर आपटते. प्रोफाईल वापरलं की ही कटकट नाही.

तीन, रोजच्या कामाला फक्त वाचता येईल अशी भूमिका ठेवा. लिहायची, पुसायची भूमिका लागेल तेव्हाच घ्या आणि तिची मुदत तासाभराची ठेवा. बारा तास मिळतात म्हणून बारा तास घ्यायलाच पाहिजेत असं नाही. बुफेसारखं आहे ते.

माणसांचं झालं. यंत्रांचं काय? बिल्ड सर्व्हरला ब्राउझर कोण उघडून देणार? तर त्यालाही सोय आहे. क्लाउडमधल्या सर्व्हरला थेट रोल जोडता येतो, तिकिटं त्याला आतल्या आत मिळत राहतात. आणि गिटहब अ‍ॅक्शन्ससारखी बाहेरची बिल्ड यंत्रणा २०२१ पासून स्वतःचं ओळखपत्र एडब्ल्यूएसला दाखवून तात्पुरती भूमिका घेऊ शकते. कुठल्या रिपॉझिटरीला आणि कुठल्या ब्रँचला भूमिका द्यायची हेही ट्रस्ट पॉलिसीत लिहिता येतं. म्हणजे ती विकीवरची चावी ज्या कामासाठी पहिल्यांदा बाहेर पडली होती, त्या कामाला आता चावी लागतच नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे औषधाच्या जाहिरातीसारखं वाटेल. तात्पुरतं म्हणजे सुरक्षितच असं समजू नका. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं प्रकरण झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून साधारण १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. तिथे कायमची चावी चोरीला गेली नव्हती. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या एका फायरवॉलला फसवून, सर्व्हरला आतल्या आत मिळणारी तात्पुरती क्रेडेन्शियल्सच बाहेर काढली होती. आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त अधिकार होते. तिकिटाची मुदत थोडी होती, पण त्या वेळात अख्खं गोदाम उघडत असेल तर चोराला तेवढा वेळ पुरतो. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. एडब्ल्यूएसनेही २०१९ च्या नोव्हेंबरात तिकीट मिळण्याची ती आतली खिडकी जास्त कडक करणारी पद्धत आणली. म्हणून प्लॅटफॉर्म तिकिटाच्या दोन्ही मर्यादा लागतात. वेळ तर हवीच, पण कामही आखून दिलेलं हवं.

दुसरं म्हणजे, लॉगिन केल्यावर ही तिकिटं तुमच्या लॅपटॉपवरच्या कॅश फोल्डरात फाईल म्हणूनच पडतात. लॅपटॉप उघडा टाकून कँटीनमध्ये गेलात तर कोणतीही यंत्रणा तुम्हाला वाचवू शकत नाही. फरक इतकाच की नुकसानीला शेवट आहे. आणि एखादं तिकीट हरवल्याची शंका आली तर रोलच्या पानावर 'चालू सेशन्स रद्द करा' अशी सोय आहे. ती 'या क्षणाआधी दिलेली सगळी तिकिटं बाद' असा नियम लावते. बाकीच्यांना फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसला गेल्यावर एक काम करा. मोठी मोहीम नको, मॅनेजरची परवानगी वगैरे नको, फक्त स्वतःपुरतं बघा. तुमच्या होम फोल्डरातली ती क्रेडेन्शियल्सची फाईल उघडा आणि त्यात ए-के-आय-ए ने सुरू होणारं काय काय आहे ते पाहा. मग एडब्ल्यूएसच्या पानावर तुमच्या नावापुढे किती चाव्या आहेत, त्या किती जुन्या आहेत आणि शेवटच्या कधी वापरल्या गेल्या ते बघा. एका यूजरला एका वेळी दोनच चाव्या ठेवता येतात, त्यामुळे यादी लांब नसणार. शेवटच्या वापराची तारीख तुमच्या सुट्टीतली निघाली तर समजा, तुमच्या नावाने कोणीतरी काम करतंय. बहुतेक करून एखादी जुनी स्क्रिप्टच असेल, पण काकांच्या वेळीही ती स्क्रिप्टच होती.

नको असलेली चावी लगेच डिलीट करू नका. आधी 'निष्क्रिय' करा. आठ-दहा दिवस थांबा. कोणी ओरडत आलं तर कळेल ती कुठल्या कुंडीखाली होती, मग त्या कामाला रोल बनवून द्या. कोणीच आलं नाही तर खुशाल डिलीट करा. आणि नोकरी सोडत असाल तर शेवटच्या दिवशी लॅपटॉपच्या पावतीबरोबर 'माझ्या नावाच्या सगळ्या चाव्या बंद केल्या' असा एक मेल लेखी मागून घ्या. केक नाही मिळाला तरी चालेल.

बराच लांबला लेख. पुढच्या वीकांताला राजमाची, पाऊस असेल तर. तोवर चाव्या सांभाळा.